दिंडी दरवाजा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घराचे दार उघडे ठेवावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. बंद दार दिसले की लक्ष्मी पुढच्या घरी जाते, असे आई आम्हाला लहानपणापासून सांगत आली. पण हेही खरे, की त्या संध्याकाळी दार उघडून आई स्वतः उंबऱ्याशी बसलेली असे. दार उघडे असे, पण बेवारशी नसे. या दोहोंतला फरक मला गेल्या वर्षी, वयाच्या ५८ व्या वर्षी, नीट कळला. आणि तो कळायला कारण झाली एक वीतभर लांबीची पेटी.

वाचकहो, ही पेटी बहुतेक तुमच्याही घरी आहे. टी.व्ही.च्या मागे धूळ खात पडलेली असते, नाहीतर भिंतीवर खिळ्याला टांगलेली. दोन-चार शिंगे वर काढलेली आणि पोटावर हिरवे दिवे लुकलुकणारे. नेट बंद पडले की तिची वायर काढायची, मनात दहा अंक मोजायचे आणि पुन्हा घालायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध. या पेटीला राऊटर म्हणतात. तिच्या पोटात एक सोय असते, पोर्ट फॉरवर्डिंग नावाची. तिच्यामुळे मी आठवडाभर फुशारलो आणि मग आईसमोर मान खाली घातली, ती हकीगत आज सांगायची आहे.

आई वाईला राहते. वय ८१. वडील गेल्यापासून एकटीच. पुण्याला चल म्हटले, की "माझी तुळस कोण पाहील?" हे एकच उत्तर. गेल्या वर्षी आषाढात ती न्हाणीघराच्या दाराशी घसरली. हाड मोडले नाही, हे नशीब. पण मोलकरीण येईपर्यंत दोन तास ती तशीच ओल्या फरशीवर पडून होती. आम्हाला ते दोन दिवसांनी कळले, तेही शेजारच्या काकूंकडून. त्याच रात्री न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, ते काही नाही. तू तिथे कॅमेरे बसव. निदान डोळ्यांना तरी दिसेल."

मी दोन कॅमेरे आणले. एक अंगणात लावला, एक माजघरात. माजघरातला असा, की फोनवर बोट फिरवले की तो तिकडे मान वळवतो. विकणाऱ्यांचे म्हणणे पडले, की चित्रे आमच्या कोठारात ठेवा, दरमहा वर्गणी भरा आणि जगात कुठूनही पाहा. मला ते पटेना. आमच्या आईचे माजघर परक्याच्या कोठारात कशाला? त्यापेक्षा सरळ घरच्या कॅमेऱ्याशीच बोलू, असे मी ठरवले. पुढचे सगळे रामायण या एका बाणेदार निर्णयातून घडले.

आता हे सरळ बोलणे सहजासहजी का जमत नाही, ते समजण्यासाठी आपला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडून एकच मोठा दरवाजा, आत चौक, चौकाभोवती दहा-बारा बिऱ्हाडे. पोस्टाच्या लेखी पत्ता एकच, वाड्याचा. आतले लोक एकमेकांना 'माडीवरचे', 'विहिरीजवळचे' म्हणून ओळखतात. पण बाहेरगावाहून कोणी नुसते 'विहिरीजवळचे' असे लिहून पत्र टाकले तर ते पोहोचायचे नाही, कारण विहिरी पुष्कळ. तुमच्या घरातले फोन, संगणक, टी.व्ही. आणि कॅमेरे ही अशीच बिऱ्हाडे. त्यांचे पत्ते १९२.१६८.१.५, १९२.१६८.१.६ अशा थाटाचे असतात, आणि तंतोतंत तसेच पत्ते शेजाऱ्याच्याही घरात असतात. हे घरगुती पत्ते १९९६ साली मुद्दाम अशा वापरासाठी राखून ठेवले गेले. घराबाहेर त्यांना किंमत नाही. बाहेरच्या जगात चालतो तो दरवाजावरचा एकच पत्ता, राऊटरचा.

ही काटकसर हौसेची नव्हे. १९८१ साली पत्त्यांची जी पद्धत ठरली, तिच्यात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. तेव्हा ते अक्षय्य वाटले असतील. पण पुढे माणसागणिक दोन-दोन, तीन-तीन यंत्रे झाली आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. एका पत्त्यावर अनेक यंत्रे चालवण्याची युक्ती १९९४ सालीच कागदावर आली होती. आज घरोघरचे राऊटर तीच चालवतात.

ती चालते कशी? राऊटरला देवडीवरचा पहारेकरी समजा. इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर पत्त्याशिवाय एक क्रमांकही असतो. त्याला पोर्ट म्हणतात. ते ० पासून ६५,५३५ पर्यंत असतात. कचेरीतल्या खिडक्यांना जसे नंबर असतात, तसेच हे. ८० आणि ४४३ या खिडक्यांवर संकेतस्थळे मिळतात, २५ वर टपाल. माडीवरच्या बिऱ्हाडाने पत्र धाडले, की पहारेकरी त्यावर वाड्याचा पत्ता आणि एक क्रमांक घालतो आणि आपल्या वहीत टिपतो: अमुक क्रमांक, माडीवरचे. त्या क्रमांकावर उत्तर आले, की वही पाहून माडीवर पोचते करतो. मात्र न बोलावता कोणी दारात उभा राहिला, तर वहीत त्याची नोंद सापडत नाही आणि पहारेकरी त्याला वाटेला लावतो. यात वाईट काही नाही. घराची अर्धीअधिक राखण यानेच होते. परंतु मी पुण्याहून आईच्या कॅमेऱ्याला हाक मारली, तर पहारेकऱ्याच्या दृष्टीने मीसुद्धा न बोलावलेलाच पाहुणा!

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या वहीच्या पहिल्या पानावर कायमची एक ओळ लिहून ठेवणे: '८०८० क्रमांक विचारत कोणी आला, तर त्याला माजघरातल्या कॅमेऱ्याकडे न्यावे.' जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक लहानशी दिंडी असते, माणूस वाकून आत जाईल एवढी. मोठा दरवाजा बंद ठेवून ती दिंडी उघडी टाकावी, तसाच हा प्रकार.

आता कृती. फराळाच्या कृतीप्रमाणे हिच्यातही क्रम चुकला की बिघडते. पहिली गोष्ट, कॅमेऱ्याचा आतला पत्ता पक्का करायचा. राऊटर घरातल्या यंत्रांना जे पत्ते देतो ते उसने असतात. वीज जाऊन आली की बदलू शकतात. मग वहीतली ओळ तशीच राहते आणि पाहुणा भलत्याच्याच खोलीत जातो. म्हणून राऊटरमध्ये त्या यंत्राच्या नावे पत्ता राखून ठेवावा. दुसरी गोष्ट, राऊटरचे पान उघडायचे. बहुतेक ठिकाणी ते १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ येथे सापडते. तिथे 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' या नावाखाली चार रकाने भरायचे असतात: बाहेरचा क्रमांक, आतला पत्ता, आतला क्रमांक आणि वाहतुकीचा प्रकार. हा प्रकार दोनांपैकी एक. टी.सी.पी. म्हणजे पोच घेऊन येणारे पत्र आणि यू.डी.पी. म्हणजे साधे कार्ड, टाकले की विसरले. मी बाहेरचा ८०८०, आतला ८० आणि टी.सी.पी. असे भरून बटण दाबले. तिसरी गोष्ट परीक्षा. आणि ती घराबाहेर जाऊनच घ्यावी. घरातल्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता विचारला, तर पुष्कळ राऊटर गोंधळतात. आपण आपल्याच दारावर आतून थाप मारून 'बाहेरून ऐकू येते का?' असे विचारण्यापैकी ते आहे.

तेव्हा मी वायफाय बंद करून गणपती घाटावर गेलो, ढोल्या गणपतीला नमस्कार केला, पायरीवर बसून मोबाइल डेटावर पत्ता घातला. काही नाही. पुन्हा घातला. काही नाही. समोर कृष्णा शांतपणे वाहत होती आणि मी राऊटरला दूषणे देत होतो. दोष त्याचा नव्हता. घरी येऊन राऊटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता पाहिला, तर तो १०० ने सुरू होणारा आणि पुढे ७२. इंटरनेटवर 'माझा पत्ता काय?' असे विचारले, तर उत्तर निराळेच आले. मी नेटवाल्याला फोन लावला.

"काका, तुम्हाला पब्लिक आयपी नाहीये," तो सहजपणे म्हणाला. "तुमच्या सगळ्या आळीला मिळून एकच आहे."

म्हणजे आमच्या वाड्याच्या देवडीबाहेर आळीचीही एक वेस होती आणि तिच्यावर नेटवाल्याचा पहारेकरी! त्याच्या वहीत आमची ओळ कुठून असणार? आपल्या देशात हा प्रकार फार ठिकाणी आहे, म्हणून खूणगाठ बांधून ठेवा. राऊटरचा बाहेरचा पत्ता १०, १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमच्या वर आणखी एक पहारेकरी बसला आहे. मग रकाने भरून उपयोग नाही. आधी नेटवाल्याकडून स्वतःचा पत्ता मागून घ्यावा लागतो. मी वर्षाचे जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेतला. ज्यांना स्वतःचा पण बदलता पत्ता मिळतो, त्यांनी डायनॅमिक डी.एन.एस. नावाची सोय घ्यावी. पत्ता बदलला तरी नाव तेच राहते.

चार दिवसांनी पुन्हा घाटावर गेलो आणि काय सांगू! फोनच्या काचेत माजघर उभे राहिले. आई चटईवर बसून तांदूळ निवडत होती. मी फोन लावून म्हटले, "आई, चष्मा लावून निवड."

ती दचकलेली मला दिसली. तिने आधी खिडकीकडे पाहिले, मग दाराकडे, आणि सगळ्यात शेवटी कॅमेऱ्याकडे. त्या वेळी मला त्याची गंमत वाटली. भावाला न्यू जर्सीला दर्शन घडले, त्याने माझे कौतुक केले आणि मी विजयी वीरासारखा पुण्याला परतलो.

आठव्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "काय रे, झोपला नव्हतास का रात्री?"

"का गं?"

"दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तर ते तुझं यंत्र मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं. मी इकडे गेले की इकडे, तिकडे गेले की तिकडे. म्हटलं, हा इतक्या रात्री जागा कसा?"

मी गाढ झोपेत होतो. भावाला विचारले; तो त्या वेळी कचेरीत होता आणि त्याने फोन उघडलाही नव्हता. मी आईला तसे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "कोण बघत होतं रे मग?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

कॅमेऱ्याची नोंद उघडली तेव्हा ओळखीचे असे त्यात आम्ही दोघे भाऊ होतो, आणि बाकी जग होते. दिंडी उघडल्याच्या पहिल्याच दिवसापासून कुठकुठले पत्ते येऊन नाव आणि पासवर्ड घालून पाहत होते. त्यांतल्या एकाचे जमले. जमायला अवघड काय होते? राऊटरला मी चांगला सोळा अक्षरी पासवर्ड दिला होता. कॅमेऱ्याचा मात्र कारखान्यातून आला तसाच ठेवला होता, डब्याच्या तळाशी छापलेला, आणि त्या जातीच्या सगळ्या कॅमेऱ्यांना तोच. दिंडीला कुलूप लावले होते, पण किल्ली बाजारात मिळत होती.

तुम्ही म्हणाल, वाईच्या एका म्हाताऱ्या बाईच्या माजघराशी परक्याला काय कर्तव्य? मलाही तेच वाटत होते. पण चोर घर निवडून येत नाही, तो सगळ्याच दारांना हात लावत जातो. वर सांगितलेले ४२९ कोटी पत्ते म्हणजे आपल्याला अथांग वाटतात. पण मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एक साधन जाहीर केले, त्याने एकाच संगणकावरून, वेगवान जोडणी असली तर, एका क्रमांकासाठी ही सगळी दारे पाऊण तासाच्या आत ठोठावून होतात. २००९ सालापासून 'शोदान' नावाचे एक शोधयंत्र चालू आहे. आपण जशी माहिती शोधतो, तशी त्यावर उघडी यंत्रे शोधता येतात. अभ्यासकांना ते उपयोगी पडते आणि इतरांनाही. २०१६ सालचा 'मिराई' तर प्रसिद्धच आहे. कॅमेरे, राऊटर अशी यंत्रे धुंडाळायची, कारखान्यातले साठेक नाव-पासवर्ड एकामागून एक घालून पाहायचे आणि लागला तो चाकर आपल्या फौजेत घ्यायचा, एवढेच त्या कार्यक्रमाचे काम. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाइन' या कंपनीवर असा मारा केला, की ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी बडी ठिकाणे अमेरिकेत पुष्कळांना काही तास दिसेनाशी झाली. ज्यांच्या घरच्या कॅमेऱ्यांनी हा पराक्रम केला, त्यांना त्याचा पत्ताही नसेल.

मी पुण्याहून आधी ती वहीतली ओळ खोडली आणि दुपारच्या एस.टी.ने वाईला गेलो. माजघरात पाऊल टाकले, तर कॅमेऱ्यावर वडिलांचा जुना पंचा टाकलेला. आईने चहा दिला. रागावली असती तर बरे वाटले असते.

"तू बघतोस याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पडले होते ना, तुम्हाला काळजी वाटणारच. पण बाबा, दिंडी उघडी टाकायची तर उंबऱ्यावर कोणीतरी बसायला हवं. आणि घर माझं आहे. उघडण्याआधी मला एकदा विचारायचंस."

आमच्या घराला खरोखरीची दिंडी आहे. रात्री कोणी कडी वाजवली, तर आई आतूनच "कोण?" असे विचारते आणि आवाज ओळखीचा असल्याखेरीज अडसर काढत नाही. अनोळखी माणसाशी ती दाराआडूनही बोलत नाही. आत कोणी आहे की नाही, हे त्याला का कळावे, असे तिचे म्हणणे. मी चाळीस वर्षे संगणकाच्या संगतीत घालवली आणि दाराचे हे शास्त्र मला चौथी शिकलेल्या आईकडून ऐकावे लागले.

मग मी ते तिच्या पद्धतीने केले. वायरगार्ड म्हणून एक साधन आहे. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आले आहे. काही राऊटरमध्ये ते आयते असते. आमच्यात नव्हते, म्हणून खेळायच्या पत्त्याएवढा रास्पबेरी पाय संगणक राऊटरशेजारी बसवला. माझ्या फोनमध्ये एक गुप्त किल्ली, भावाच्या फोनमध्ये दुसरी. घरच्या संगणकाला दोघांची ओळख पटवून दिली. यालाही बाहेरून एक पोर्ट लागतोच, बहुधा यू.डी.पी.चा ५१८२०, आणि तो फॉरवर्ड करावा लागतो. म्हणजे कृती तीच. फरक असा, की आता दिंडीमागे कॅमेरा बसलेला नाही, आई बसलेली आहे. योग्य किल्लीखेरीज कोणी थाप मारली, तर आतून उत्तरच येत नाही. तिथे दार आहे की भिंत, हेही त्याला कळत नाही. ओळख पटली, की आपला फोन जणू वाड्यातलाच होतो आणि कॅमेरा घरातल्या घरात पाहता येतो.

शिवाय चार पथ्ये लावून घेतली. कॅमेऱ्याला कारखान्यातल्यासारखा कोरा करून नवा पासवर्ड दिला आणि आतला कार्यक्रम अद्ययावत केला. राऊटरमधली यू.पी.एन.पी. नावाची सोय बंद केली; ती चालू असली, तर घरातले कोणतेही यंत्र आपल्याला न विचारता वहीत स्वतः ओळ लिहून घेऊ शकते. क्रमांक बदलून ८० चा ८०८० केला म्हणजे घर सुरक्षित झाले, हा भ्रम सोडला. त्याने वर्दळ कमी होते, चोर थांबत नाही. आणि महिन्यातून एकदा वही उघडून पाहतो. गेल्या वर्षी कशासाठी तरी उघडलेली आणि आता विसरलेली दिंडी, हीच सगळ्यांत धोक्याची. वाचकहो, हा अंक वाचून झाला की तुम्हीही आपल्या राऊटरचे ते पान एकदा पाहा. आपण न लिहिलेली ओळ दिसली, तर खोडा.

माजघरातला कॅमेरा मात्र आईने पुन्हा लावू दिला नाही. अंगणातल्याला तिची परवानगी आहे, तीही एका अटीवर: आधी फोन करायचा, मग बघायचे. शेजारच्या काकूंकडे घराची एक किल्ली दिली आहे. रोज सकाळी आठला मी फोन करतो, रात्री नऊला भावाचा येतो. आईने उचलला नाही, तर अंगणात पाहायचे आणि काकूंना सांगायचे, असे ठरले आहे. गंमत अशी, की फोनवर दहा मिनिटे तिच्याशी बोलून झाले, की कॅमेरा उघडायचे बहुधा राहूनच जाते. यंदाच्या श्रावणात एकदा तिने फोन उचलला नाही, तेव्हा मात्र तो धावून आला. अंगणात ती तुळशीची माती उकरत बसली होती. फोन आत वाजत होता.

लक्ष्मीपूजनाला आम्ही सगळे वाईला जाणार आहोत. भाऊ येऊ शकत नाही. त्याला आईने निरोप धाडला आहे, की संध्याकाळी दिवे लागले की अंगणात बघ, मी उंबऱ्याशी बसलेली असेन.

तुम्हा सर्वांना ही दीपावली सुखाची जावो. दारे उघडी ठेवा. पण उंबऱ्यावर कोणीतरी असू द्या.